कांद्याची चाळ आणि दिल्लीचे धोरण

शेतमालाच्या नासाडीचा विषय निघाला की शीतगृहे, विकिरण केंद्रे आणि प्रक्रिया उद्योग यांची नावे घेण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. यंत्र आले की नासाडी थांबेल, असा त्यामागचा सरळ हिशेब असतो. कांद्याच्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही, आणि त्याचा दोष अभियंत्यांकडे फारसा जात नाही.

नाशिक, पुणे, अहिल्यानगर या पट्ट्यातला उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो. देशाच्या वार्षिक उत्पादनात निम्म्याहून बराच अधिक वाटा रब्बी कांद्याचा असतो. खरिपाचा नवा माल येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, साऱ्या देशाला त्यावरच भागवावे लागते. हे मधले महिने निभतात ते मुख्यतः चाळीच्या आधाराने. जमिनीपासून उचललेला तळ, बांबूच्या वा लाकडी पट्ट्यांच्या भिंती, उतरते छप्पर आणि खालून व बाजूंनी खेळणारी हवा, एवढाच तिचा संसार. विजेचा एक युनिटही तिला लागत नाही. कांद्याचा स्वभाव मोठा विचित्र आहे. पंचवीस-तीस अंशांच्या उष्णतेत तो निद्रिस्त राहतो, शून्याजवळच्या थंडीतही राहतो. मधल्या दहा ते वीस अंशांत मात्र त्याला कोंब फुटतात. शीतगृहातून बाहेर काढलेला कांदाही लवकर कोंबतो. लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रज्ञानाने २००२ साली उभ्या राहिलेल्या ‘कृषक’ केंद्रातील विकिरणाने कोंब रोखता येतात. परंतु वजनातील घट आणि सड त्याने थांबत नाही. तेव्हा चाळ ही मागासलेपणाची खूण मानण्याचे कारण नाही. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने तिचे सुधारित आराखडे दिले आहेत, ‘भीमा शक्ती’सारखे टिकाऊ वाण दिले आहेत. चाळीसाठी सरकारी अनुदानही आहे.

मग अनेक शेतकरी मेमध्येच पडत्या भावाने कांदा का विकून टाकतात?

समजा, मेमध्ये क्विंटलला १,००० रुपये भाव आहे. शंभर क्विंटल चाळीत भरले आणि दिवाळीपर्यंत त्यातले तीस वाळले-सडले (इतकी घट नवलाची नाही), तर नुसते मेच्या बरोबरीला येण्यासाठी उरलेल्या सत्तर क्विंटलांना सुमारे १,४३० रुपये भाव मिळायला हवा. व्याज आणि निवडणीची मजुरी निराळीच. चाळ भरणे म्हणजे पुढील भाववाढीवर पैसा लावणे होय. आणि ती भाववाढ दिसू लागली की दिल्ली जागी होते. २०१९ आणि २०२० या दोन्ही वर्षी सप्टेंबरमध्ये निर्यातबंदी आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरमध्ये पुन्हा बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, शुल्क राहिले. ते सप्टेंबरमध्ये निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ रोजी रद्द झाले. ऑगस्ट-सप्टेंबर हे चाळीतला माल बाहेर काढण्याचे दिवस. एका हाताने चाळीला अनुदान द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने तिच्यातील मालाचा भाव पाडावयाचा, याला नियोजन म्हणणे कठीण आहे.

ग्राहकाचे काय, असा प्रश्न येईलच. तो रास्त आहे, परंतु तो विचारणाऱ्या आपणा पगारदारांना महागाईभत्ता आहे. किंमत-निर्देशांक चढला की थोड्या विलंबाने का होईना, आपली भरपाई होते. रोजंदारीवरच्या बाईला ती सोय नाही. तिला स्वस्त कांदा मिळालाच पाहिजे. पण त्यासाठी लासलगावच्या शेतकऱ्याचा भाव पाडून तुम्हा-आम्हालाही स्वस्त कांदा पुरवण्याची आवश्यकता नाही. २०२३ साली सरकारने राखीव साठ्याचे उद्दिष्ट तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेले होते. असा साठा मेच्या मंदीत थेट बाजार समित्यांच्या लिलावात खरेदी करावा आणि पावसाळ्यानंतर स्वस्त धान्य दुकानांतून शिधापत्रिकेवर विकावा. त्याचा खर्च राजकोषाने उघडपणे सोसावा. आज तो शेतकऱ्याच्या माथी गुपचूप मारला जातो.

रब्बी कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत होते. बाजारभाव किती चढला तर किती निर्यातशुल्क बसेल, हे सरकारने त्यापूर्वी, नोव्हेंबरमध्येच, जाहीर करावे आणि पुढचा नोव्हेंबर येईपर्यंत त्याला हात लावू नये.