दोन्ही हातांनी

शेजारच्या क्युबिकलमधली माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात दोन वर्षांसाठी शांघायला चाललीय. सोबत नवरा आणि सहा वर्षांची लेक. कंपनीनं तिला ‘कल्चरल ट्रेनिंग’ दिलं. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, चॉपस्टिक्स भातात उभ्या खुपसायच्या नाहीत (ते मेलेल्या माणसासाठी लावलेल्या उदबत्तीसारखं दिसतं), वगैरे वगैरे. ‘‘पण पोरीला हे सगळं कोण शिकवणार रे?’’ कॅण्टीनमध्ये तिचा प्रश्न.

मी म्हटलं, तीच तुला शिकवेल. पर्ल बकचं बघ ना!

पर्ल बक म्हणजे १९३८चं साहित्याचं नोबेल मिळवणारी अमेरिकन लेखिका. आई-वडील चीनमध्ये मिशनरी. ते रजेवर मायदेशी आले असताना, १८९२मध्ये तिचा जन्म झाला आणि काही महिन्यांच्या बाळाला घेऊन मंडळी परत चीनला. यांगत्से नदीकाठच्या झेनजियांग शहरात ती वाढली. आई अमेरिकन अभ्यास घ्यायची, कुंग नावाचे मास्तर चिनी शिकवायचे. पण रीतभात? ती स्वयंपाकघरात! वांग नावाची दाई गोष्टी सांगायची. नोकरमंडळींच्या जेवणावर बाईसाहेब आधीच ताव मारायच्या आणि मग आईसमोर टेबलावर सभ्यपणे काटा-चमचा. पुढे आत्मचरित्रात तिनं लिहिलं, की या दोन जगांमधलं दार बंदच असायचं. चिनी जगात असताना ती चिनीच असायची; बोलणं, वागणं, खाणं, सगळं तसंच.

(आपण तरी वेगळं काय करतो? घरी ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि क्लायंटसमोर फोर्कला पास्ता गुंडाळायचा.)

पोरांना रीतीमागचं कारण लागत नाही. समोरचे हसले की चुकलं, नाही हसले की जमलं. पीपीटीची गरजच नाही.

गंमत इथवरच. १९००मध्ये बॉक्सर बंड पेटलं, मिशनऱ्यांवर हल्ले होऊ लागले. आठ वर्षांच्या पर्लकडे येणारे चिनी सवंगडी यायचे बंद झाले. आईबरोबर तिला शांघायला पळावं लागलं. भाषा बरोबर, रीत बरोबर, केसांचा रंग तेवढा चुकीचा.

१९१०मध्ये ती कॉलेजसाठी अमेरिकेला, म्हणजे ‘घरी’ गेली. अंगात चिनी शिंप्यानं शिवलेले कपडे. पोरी टकामका बघतच राहिल्या. मग अमेरिकन मुलीनं अमेरिकन दिसायला नवे कपडे घेतले, तिथलं बोलणं उचललं. म्हणजे पुन्हा पहिलीपासून!

अशा मुलांना पुढे ‘थर्ड कल्चर किड्स’ म्हणू लागले. हा शब्द रूथ युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंचा, आणि तो त्यांना सुचला आपल्याच देशात. १९५०च्या दशकात त्या भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. त्यात मिशनरी होते, अधिकारी होते, आपल्यासारखे ऑनसाइटवालेही होते.

१९७२मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, पर्लनं चीनला जायचं ठरवलं. चीननं व्हिसा नाकारला. पुढच्याच वर्षी ती गेली. पेनसिल्व्हेनियातल्या तिच्या थडग्यावर इंग्रजी नावच नाही. तीन चिनी अक्षरं आहेत फक्त.

मैत्रीण जरा वेळ डब्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘दोन वर्षं काही फार नाहीत, नाही का रे?’’