काळी यादी आणि तिचे बंद दार

एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयातून विद्यार्थ्याला प्रवेश मिळाल्याचे पत्र ईमेलने धाडले जाते. कार्यालयातील संगणकावर 'पाठविले' अशी नोंद होते आणि लिपिक निश्चिंत होतो. विद्यार्थी मात्र पत्राची वाट पाहत राहतो आणि शुल्क भरण्याची मुदत टळून जाते. चौकशी झाली म्हणजे दोघेही खरेच बोलत होते असे आढळते. पत्र निघाले हे खरे आणि पोहोचले नाही हेही खरे. मधल्या वाटेवर ते अडविले गेले, कारण महाविद्यालयाच्या मेल सर्व्हरचा पत्ता विद्यार्थ्याची टपालपेटी सांभाळणाऱ्या कंपनीच्या काळ्या यादीत होता. तो पत्ता त्या यादीत केव्हा गेला, कोणी घातला आणि कोणत्या अपराधासाठी घातला, हे महाविद्यालयाला कोणी कळविलेले नसते. यादीतून नाव काढून घेण्यासाठी अर्ज कोणाकडे करावयाचा, हा तर त्याहून अवघड प्रश्न. शाळा, पतपेढ्या, ग्रंथालये, लहान वृत्तपत्रे अशा ज्या ज्या संस्था आपले टपाल स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवितात, त्या सर्वांवर ही पाळी केव्हा ना केव्हा येते. म्हणून हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा मानून सोडून देता येणार नाही.

काळ्या याद्या मुळात निर्माणच का झाल्या, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. आगंतुक जाहिरातीचे पहिले गाजलेले ईमेल मे १९७८ मध्ये अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावर सुमारे ४०० जणांना पाठविण्यात आले. एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे ते निमंत्रण धाडले होते. पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल वाहतुकीचे जे नियम लिहून काढले, ते एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या जगासाठी होते. पाठविणारा स्वतःचे नाव खरे सांगेल हे त्यात गृहीतच होते. हे जाळे जगाला खुले झाल्यावर त्या विश्वासाचा गैरफायदा घेणारे निघाले. कागदी पत्रासाठी तिकिटाचा तरी खर्च होतो. लाख ईमेल पाठविण्यास जवळजवळ काहीच पडत नाही. साहजिकच रद्दीचा, आणि पुढे फसवणुकीच्या पत्रांचा, पूर लोटला. तेव्हा १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी सर्व्हरांच्या पत्त्यांची यादी तयार करून ती इतरांना वापरण्यास खुली केली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस ही संस्था सुरू केली. या मंडळींनी हे काम केले नसते तर ईमेल हे साधन कधीच निरुपयोगी झाले असते. काळी यादी ही गरज म्हणून जन्मली याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

या यादीची रीतही साधी आहे. इंटरनेटवरील बहुतेक सर्व्हरांना चार आकड्यांच्या गटांचा एक पत्ता असतो. पत्र घेऊन एखादा सर्व्हर दारात आला की घेणारा सर्व्हर त्याचा पत्ता यादीशी ताडून पाहतो. पत्ता यादीत सापडला की दार बंद. पत्रात काय लिहिले आहे हे वाचण्याचीही गरज उरत नाही. म्हणजे शिक्षा पत्राला नव्हे तर पत्त्याला होते, आणि अन्यायाचे बीज नेमके येथे आहे. पत्ता म्हणजे माणूस नव्हे. जुन्या पद्धतीचे हे पत्ते एकंदर सुमारे ४२९ कोटी आहेत आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. तेव्हापासून तेच ते पत्ते एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे फिरत आहेत. आधीच्या भाडेकरूने केलेल्या उपद्रवाचे खापर नव्याच्या डोक्यावर फुटते. शिवाय पुष्कळदा एक पत्ता दोषी ठरवून न थांबता त्याच्या शेजारचे शेकडो पत्ते एकदम यादीत घातले जातात. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार यंत्राच्या हातून घडतो म्हणून तो कमी अन्यायाचा ठरत नाही.

अर्थात यादीत गेलेला प्रत्येक जण संन्यासी असतो असेही नव्हे. बहुतेक वेळा दोषाचा काही भाग घरचाच असतो. कोणा कर्मचाऱ्याचा सोपा पासवर्ड चोराच्या हाती लागतो आणि रातोरात संस्थेच्या नावाने हजारो फसवी पत्रे निघतात. कार्यालयातील एखाद्या संगणकात विषाणू शिरलेला असतो. आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने पत्रे पाठवावीत याची जाहीर नोंद करणारे एसपीएफ, पत्रावर संस्थेची मुद्रा उमटविणारे डीकेआयएम आणि या दोन कसोट्यांना न उतरलेल्या पत्राचे काय करावे हे सांगणारे डीमार्क, ही तीन साधने आज सर्वांना उपलब्ध आहेत. पण ती योजण्याचे कष्ट अनेक संस्था घेत नाहीत. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांना ही तिन्ही साधने सक्तीची केली. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे जीमेलकडे धाडणाऱ्याविरुद्धच्या तक्रारी दर हजारी तीनच्या खाली राहिल्या पाहिजेत, असाही दंडक गूगलने घातला. हे नियम कडक असले तरी ते जाहीर आहेत, आणि जाहीर नियमाविषयी तक्रार करण्यास फारशी जागा नसते.

तक्रारीची जागा त्याच्या पलीकडे आहे. सारे नियम पाळूनही यादीत गेलेल्याने काय करावे? जुन्या सार्वजनिक याद्यांपुरते या प्रश्नाला बरेचसे उत्तर आहे. आपला पत्ता यादीत आहे काय, हे कोणालाही पाहता येते. स्पॅमहाउससारखी संस्था नोंदीचा प्रकार सांगते आणि नाव काढण्यासाठी पैसे घेत नाही. परंतु आता जगातील वैयक्तिक टपालाचा मोठा वाटा मोजक्या कंपन्यांच्या हाती एकवटला आहे आणि त्या आपल्या स्वतःच्या खासगी याद्या व प्रतिष्ठेचे गुणांक ठेवतात. हे गुणांक कसे काढले जातात ते बाहेरच्याला कळत नाही. परत आलेल्या पत्रावर एक सांकेतिक क्रमांक आणि एका अर्जाचा दुवा असतो. अर्ज भरावा तर साच्यातले उत्तर येते: आपला पत्ता सवलतीस पात्र नाही. का नाही, हा प्रश्न विचारला तर पुन्हा तेच उत्तर नव्या तारखेने येते. प्रतिष्ठेची आकडेवारी दाखविण्याची सोय काही कंपन्यांनी केली आहे. पण ज्याची पत्रे संख्येने थोडी, त्याला ती पुष्कळदा कोरीच दिसते. म्हणजे लहान संस्थेवर आरोप आहे, पण आरोपपत्र तिला दाखविले जात नाही. याहूनही वाईट म्हणजे पत्र परत न करता ते मुकाट्याने गिळून टाकणे. ईमेल वाहतुकीच्या २००८ च्या नियमावलीत असे स्पष्ट म्हटले आहे की, एकदा पत्र स्वीकारले की ते पोहोचविण्याची किंवा न पोहोचल्याचे कळविण्याची जबाबदारी स्वीकारणाऱ्यावर येते. परत आलेले पत्र निदान सावध करते. गिळलेले पत्र दोन्ही बाजूंना अंधारात ठेवते.

भारतीय वाचकाला यात ओळखीचे काही दिसावे. काळ्या यादीचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे फार पूर्वी येऊन गेला आहे. एरुसियन इक्विपमेंट अँड केमिकल्स विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात १९७४ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की, सरकारने कोणाला काळ्या यादीत घालण्यापूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. यादीत नाव गेल्याने माणसाच्या लौकिकाला बट्टा लागतो आणि व्यवहाराचे दरवाजे बंद होतात, म्हणून न्यायाची किमान रीत पाळणे आवश्यक आहे, हे त्यामागचे तत्त्व. हे बंधन सरकारवर आहे; खासगी कंपनीवर ते आपोआप लागू होत नाही. तथापि जेथे कोट्यवधी लोकांच्या टपालपेट्या एकाच दारामागे असतात, तेथे द्वारपाल खासगी आहे एवढ्यानेच त्याची सत्ता खासगी राहत नाही. टपालखात्याने एखाद्या गावाची पत्रे कारण न देता उचलणे थांबविले असते, तर त्या कृत्याला कोणी खात्याची अंतर्गत बाब म्हटले नसते.

कंपन्यांचे यावर उत्तर असते आणि ते पोकळ नाही. कसोट्या उघड केल्या तर उपद्रवी लोक त्याच कसोट्यांना चकवतील, आणि अडविल्या जाणाऱ्या असंख्य पत्त्यांपैकी प्रत्येकाची आधी सुनावणी घ्यावयाची म्हटले तर पुराला बांधच घालता येणार नाही. हे मान्य केले पाहिजे. घराला आग लागली असता पंचनामा करीत बसणे शहाणपणाचे नव्हे. पण आग विझल्यावरही पंचनामा करणार नाही असे म्हणणे ही वेगळी गोष्ट आहे. आधीची सुनावणी शक्य नसेल तर नंतरची शक्य आहे. कसोटीचे गणित सांगू नये, परंतु कोणत्या दिवशी, कोणत्या प्रकारच्या पत्रांमुळे पत्ता रोखला गेला, एवढे सांगितल्याने कोणाही बदमाशाचे फावत नाही. प्रामाणिक संस्थेला मात्र आपल्या घरातील भोक कोठे आहे ते कळते.

न्यायालयाची पायरी चढून हा प्रश्न सुटेल असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. अमेरिकेत ई-३६० या कंपनीने यादीत घातल्याबद्दल स्पॅमहाउसवर दावा लावला. स्पॅमहाउसने बचाव सोडून दिल्यामुळे २००६ मध्ये १ कोटी १७ लाख डॉलरांचा एकतर्फी निकाल लागला. अपिलात ही रक्कम रद्द झाली, फेरविचारात ती २७,००२ डॉलरांवर आली आणि २०११ मध्ये अखेर अवघ्या तीन डॉलरांवर येऊन थांबली. पाच वर्षांच्या लढ्याचे फलित एवढेच. आपली पत्रे स्पॅममध्ये टाकली जातात म्हणून अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने २०२२ मध्ये गूगलवर दावा लावला. तोही २०२३ मध्ये फेटाळला गेला. त्या देशातील १९९६ चा कायदा नको असलेला मजकूर रोखणाऱ्यांना संरक्षण देतो. एवढ्या बलाढ्य वादीची ही गत, तर तालुक्याच्या गावातील पतपेढीने कोठे जावे? भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ च्या नियमांनी व्यापारी दूरध्वनी आणि लघुसंदेश यांना शिस्त लावली आहे. ईमेल मात्र त्या नियमांच्या कक्षेबाहेरच राहिले.

मग मागावयाचे काय? मागणी माफक आहे. पत्र रोखले तर ते परत करावे, गिळू नये. परत करताना कारण समजेल अशा भाषेत द्यावे. अर्जाचा निर्णय ठराविक दिवसांत व्हावा, आणि यंत्राने नाही म्हटल्यावर एकदा तरी माणसाने कागद पाहावा. शेजाऱ्याच्या अपराधासाठी संपूर्ण आळीला शिक्षा होऊ नये. आणि नाव काढण्यासाठी पैसे मागणे हे सरळ निषिद्ध मानावे. याद्या चालविण्याच्या रीतीविषयी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तांत्रिक मार्गदर्शकातही या प्रकाराची संभावना खंडणीच्या जवळ जाणारा व्यवहार अशीच केलेली आहे. या अटी कंपन्यांनी आपण होऊन पाळल्या तर उत्तम. न पाळल्यास सरकारने कायद्यात एवढी किमान रीत घालण्यास हरकत नाही. मात्र यादीत कोण असावे हे ठरविण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे मुळीच घेऊ नये. तो उपाय रोगाहून घातक होईल.

संस्थांनीही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. तक्रारी घेण्यासाठी 'पोस्टमास्टर' नावाची पेटी प्रत्येक सर्व्हरवर असावी असा जुना नियम आहे. ती किती ठिकाणी उघडून पाहिली जाते? अर्ज करण्यापूर्वी चोरीस गेलेला पासवर्ड बदलणे, संगणक स्वच्छ करणे आणि तसे केल्याचे अर्जात नमूद करणे हे शहाणपणाचे आहे. घर न झाडता केलेला अर्ज मान्य झाला तरी पत्ता आठवड्याभरात पुन्हा यादीत जातो, आणि दुसऱ्या वेळी कोणी ऐकून घेत नाही.

हा त्रास नको म्हणून एकेक संस्था आपला सर्व्हर बंद करून त्याच मोजक्या कंपन्यांच्या आश्रयाला जात आहे. प्रत्येकीच्या दृष्टीने हा निर्णय बरोबरच असतो. पण सर्वांच्या निर्णयांची बेरीज भयावह आहे. कोणालाही परवानगी न विचारता कोणालाही पत्र धाडता यावे, हे ईमेलचे मूळ वैशिष्ट्य होते. दार राखणाराच दार उघडून देण्याचे भाडे घेऊ लागला, तर ते वैशिष्ट्य एकही हुकूम न काढता संपुष्टात येईल. काळी यादी राहावी. मात्र तिच्यात जाण्याची वाट जशी आहे, तशी तिच्यातून बाहेर पडण्याचीही वाट असली पाहिजे, आणि ती वाट कोठून जाते हे लिहून ठेवलेले असले पाहिजे.