सनरूफ नंतर, आधी एअरबॅग

गेल्या पावसाळ्यात ट्रकने आमच्या गाडीला मागून धडक दिली. मागे बसलेल्या अम्मीने पट्टा लावला होता, म्हणून ती वाचली. गाडी मात्र भंगारात गेली. आता जुनी सेडान शोधतोय, तर दोस्त विचारतात, ‘सनरूफ आहे का?’

दोस्तांनो, पहिला प्रश्न हा नसावा. आपल्याकडे नव्या गाडीत चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२२ पासून. त्याआधीची गाडी घेताना दोन्ही आहेत का, ते आधी बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर सावध व्हा. फुटलेली एअरबॅग न बदलता दिवाच बंद केलेला असू शकतो. विम्याच्या क्लेमची माहिती मागा. विकणाऱ्याचा नव्हे, आपला मेकॅनिक सोबत न्या. मागचे पट्टे ओढून, लावून पाहा.

दोन वर्षं जुनं मॉडेल मिळालं तरी चालेल. ठोकलेली गाडी रंगवून गळ्यात पडायला नको. मागच्या सीटवर अम्मी बसणार आहे, एवढं आठवलं की निवड आपोआप सोपी होते.