तळ्याआधी पाऊस बघावा

परसदारी माशांचे छोटे तळे असावे, अशी हौस निवृत्तीनंतर पुष्कळांना होते. मलाही झाली. हौशीत वाईट काही नाही. वाईट असते ती घाई. तळे कुठे खणायचे हे आपण दोन दिवसांत ठरवून टाकतो आणि त्याची किंमत बिचारे मासे मोजतात.

माझ्या तळ्याची जागा वास्तुशास्त्राने ठरवली. पाणी ईशान्येला हवे, असे एका स्नेह्यांनी सांगितले आणि मी मान डोलावली. ईशान्येला देशी बदामाचे जुने झाड, आणि परसाचा सगळा उतारही तिकडेच. ‘‘अहो, तिथे पाचोळा पडतो, पावसाचं पाणीही तिथेच जातं,’’ असे सौ. म्हणाली होती. पण रोज अंगण झाडणाऱ्या माणसाला आपण तज्ज्ञ मानत नाही.

पहिल्याच मोठ्या पावसात गुलाबाच्या वाफ्यांतले शेणखत आणि युरिया वाहत तळ्यात उतरले. तळाशी पाने कुजतच होती. कुजणारा पाला पाण्यातला प्राणवायू खातो. रात्री शेवाळही तोच वापरते. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. तिसऱ्या पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडे उघडत होते. दुपारपर्यंत एकोणीस मेले. नातवाने प्रत्येकाला नाव दिले होते.

त्या दिवशी मला नोकरीतले एक कर्जप्रकरण आठवले. अर्ज शेततळ्याचा होता. ‘जागेची पाहणी’ हा रकाना मी एप्रिलच्या उन्हात पाच मिनिटांत भरला. शेतकरी म्हणाला, ‘‘साहेब, एकदा पावसाळ्यात येऊन बघा. हितं लोंढा येतो.’’ पण आराखडा मंजूर झालेला होता. मी सही केली. पहिल्याच पावसाळ्यात ते तळे निम्म्याहून अधिक गाळाने भरले. हप्ते मात्र त्याने सगळे फेडले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की तळे खणण्याआधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा ती जागा नुसती बघावी. पाणी कुठून येते, पाने कुठे पडतात, ऊन किती वेळ राहते, हे पाहावे. सकाळचे चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली असेल तर उत्तम. कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. खोली दोन-तीन फूट तरी हवी आणि काठ जमिनीहून वीतभर उंच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात सिमेंटचे टाके तडकायला वेळ लागत नाही. आणि तळे स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसले पाहिजे. नजरेआड गेलेल्या पाण्यात गप्पी मासेही टिकत नाहीत, मग आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. घरात लहान मूल असेल तर नजरेला पर्यायच नाही. वर जाळीही हवी.

आमचे दुसरे तळे सौ.ने दाखवलेल्या जागी आहे. मासे ठीक आहेत. जुन्या खड्ड्यात मी पाचोळ्याचे खत करतो. माझी चूक अशी खपून गेली. त्या शेतकऱ्याला मात्र दुसरे तळे खणायला कोणी कर्ज दिले नसते; मीही दिले नसते.