‘मग तुम्ही काय केलं असतं?’

मागच्या महिन्यात नागापूरला आपाकडे मुक्काम होता. संध्याकाळी भाची कॉलेजमधून आली, बॅग दिवाणावर टाकली आणि म्हणाली, "मामू, शंभरपैकी एकेचाळीस. रात्र-रात्र जागून सगळं मी एकटीने केलं आणि पाचही जणांना सारखेच गुण."

ती एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. ‘व्यवसाय धोरण’ या विषयात पाच जणांच्या गटाने एका कंपनीची केस स्टडी सादर करायची होती. मी सादरीकरण बघायला मागितलं. चौतीस स्लाइड. कंपनीचा इतिहास, संस्थापकांचे फोटो, मग बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांचा चार घरांचा तक्ता, शेवटी गुलाबाच्या फुलासह ‘धन्यवाद’.

"सरांनी काय विचारलं?"

"एकच प्रश्न. मग तुम्ही काय केलं असतं? आम्ही पाचही जण एकमेकांकडे बघत राहिलो."

आपल्या घरांतली पुष्कळ मुलं-मुली आता बीबीए, एमबीएला जातात. त्यांच्यापैकी अनेकांची गाडी नेमकी इथेच अडते. म्हणून या वेळचा लेख याच विषयावर.

केस स्टडी म्हणजे कंपनीची माहिती नव्हे. एका माणसापुढे, एका दिवशी आलेला पेच म्हणजे केस. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने १९२१ मध्ये बुटांच्या एका कंपनीवर पहिली लेखी केस तयार केली. १९६१ मध्ये अहमदाबादचं आयआयएम हार्वर्डच्या सहकार्याने उभं राहिलं आणि ही पद्धत आपल्याकडे रुजली. तिचं सूत्र साधं आहे. विद्यार्थ्याला मालकाच्या खुर्चीत बसवायचं आणि म्हणायचं, आता निर्णय घे.

भाचीला म्हटलं, लांब कशाला जायचं? आपल्या नगरचीच केस घे. हस्तिमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लुना आणली. कारखाना आपल्या नगरला. पन्नास सीसीचं छोटं इंजिन, वजनाला हलकी, वेळ पडली तर पायडल मारता येणारी. सायकलवरून स्कूटरवर उडी घेणं ज्यांना परवडत नव्हतं, त्या शिक्षकांची, कारकुनांची, दूधवाल्यांची ती गाडी. १९८४ मध्ये कंपनीने जपानच्या होंडाशी भागीदारी केली. त्यातून गिअर न बदलता चालणारी, बटण दाबून सुरू होणारी स्कूटर आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० ही फोर-स्ट्रोक मोटरसायकल आली आणि जास्त ॲव्हरेज हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न झाला.

"म्हणजे लुना मागे पडणारच होती," भाची लगेच म्हणाली.

इथेच बहुतेक गट घसरतात. पुढचं सगळं आपल्याला आज ठाऊक आहे. १९९८ मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली, २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लुना विजेवर चालणारी होऊन परत आली. पण केस १९८५ ची असेल, तर १९८५ मध्येच उभं राहायला हवं. त्या दिवशी टेबलावर कोणते आकडे होते? पैसा आणि माणसं मर्यादित होती, ती लुना सुधारण्यावर लावायची, नव्या स्कूटरवर लावायची, की दोन्हींत वाटायची? निकाल माहीत असताना शहाणपणा सांगणं सोपं असतं.

आता गटाच्या तयारीचं. स्लाइड वाटून घेणं म्हणजे गटकाम नव्हे. आधी प्रत्येकाने केस एकट्याने वाचावी आणि एका कागदावर लिहावं: निर्णय कोणाला घ्यायचा आहे, पेच काय, माझा कौल कोणता. मग पाचही कागद घेऊन मशवऱ्याला बसावं. मतं वेगळी निघाली तर घाबरू नका, तेच तुमचे पर्याय. एकाने आकड्यांची जबाबदारी घ्यावी. एकाने मुद्दाम विरोधात बसून प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ विचारावं. पंधरा मिनिटं मिळाली असतील तर पेच दोन मिनिटांत सांगा, पाच मिनिटं पर्यायांना द्या, आणि उरलेली आठ आपल्या निर्णयाला: तो का घेतला, खर्च किती, आधी काय करायचं, फसला तर काय. स्लाइड आठ-दहा पुरतात. आणि कोणताही प्रश्न कोणालाही विचारला तरी उत्तर यावं. ‘हा भाग माझा नाही’ या एका वाक्याने सगळ्या गटाचे गुण जातात.

मी स्वतः परीक्षक म्हणून बसतो तेव्हा वहीत पाच रकाने आखतो. पेच नेमका ओळखला का, याला वीस गुण. पुराव्याला पंचवीस. पर्यायांची प्रामाणिक तुलना वीस. निर्णय आणि अंमलबजावणी वीस. बोलणं आणि प्रश्नोत्तरं पंधरा. माझ्या मताशी न जुळणारा निर्णयही पुराव्यावर उभा असेल तर पूर्ण गुण घेऊन जातो. गुळगुळीत इंग्रजीला वेगळा रकाना नाही.

राहिली भाचीची तक्रार. ती खरी आहे. त्यावर बऱ्याच ठिकाणी वापरतात तो उपाय असा: प्रत्येक विद्यार्थी बंद पाकिटात बाकी चौघांमध्ये शंभर गुण वाटून देतो, आणि शिक्षक त्यावरून वैयक्तिक गुण ठरवतात. पण दोस्ती सांभाळायला सगळ्यांना पंचवीस-पंचवीस लिहिले तर उपाय वाया. दुसऱ्याच्या मेहनतीचे गुण ही आपल्याकडची अमानत आहे. मी तिला हेही विचारलं, की सगळं एकटीने केलंस, ते कोणी करेना म्हणून की तुला दुसऱ्याचं पटेना म्हणून? ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दोन्ही."

दुसऱ्या फेरीसाठी गटाने लुना निवडली. रविवारी फोनवर घड्याळ लावून घरातच सराव झाला. माझे मेहुणे दारात बसून ऐकत होते. एमआयडीसीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक पॉवर प्रेस. जवळजवळ सगळं काम एकाच मोठ्या कंपनीचं, आणि बिलाचे पैसे तीन-तीन महिने अडकलेले. मुलं थांबली तसे ते म्हणाले, "तुमचं झालं असेल तर माझी केस घ्या. एका छोट्या कारखानदाराचं काम आलंय. घेतलं तर मोठ्या गिऱ्हाइकाचा माल उशिरा जाईल. नाही घेतलं तर पुन्हा त्याच एकाच्या भरवशावर."

मुलं हसली नाहीत. भाचीने कोरा कागद ओढला, त्यावर तीन रेघा मारल्या आणि विचारलं, "अब्बा, प्रेस रोज किती तास रिकामी असते?"

मेहुण्यांना नक्की सांगता येईना. सोमवारपासून ते लिहून ठेवणार आहेत.