चाबुकस्वाराच्या हातात चाबूक कशाला?

घोडा माराशिवाय ऐकत नाही, असं ठासून सांगणारे आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. त्यांत टांगेवाले आहेत, वरातीच्या घोडीचे मालक आहेत, आणि थंड हवेच्या ठिकाणी घोड्यावर बसून ‘जरा पळव की याला’ म्हणणारे पर्यटकही आहेत. या सगळ्यांना एकच प्रश्न आहे: फटका खाऊन घोडा नेमकं काय शिकतो?

आधी एक शब्द पाहू. घोडा शिकवून तयार करणाऱ्याला मराठीत जुना शब्द आहे, चाबुकस्वार. आज तो बहुतेक आडनावापुरता उरला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, चाबूक घेतलेला स्वार. पण फारसीत ‘चाबुक’ म्हणजे चपळ, तरबेज. चाबुकस्वार म्हणजे निष्णात घोडेस्वार. कोरडा हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. आपण कौशल्य विसरलो आणि हत्यार तेवढं लक्षात ठेवलं.

‘जनावराला कसली आलीय तालीम?’ असं विचारणाऱ्या मुसलमानाने सूरह माइदाची चौथी आयत उघडावी. तिथे शिकारी जनावरांचा उल्लेख आहे, आणि त्यांना शिकवण्यासाठी जो शब्द आला आहे तो ‘तालीम’ आणि ‘इल्म’ यांच्याच धातूचा आहे. जनावराच्या तोंडावर मारायला तर हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे. तेव्हा ‘हे गोऱ्यांचं खूळ आहे’ ही सबब आपल्याकडे तरी चालणार नाही.

बी.एड.च्या परीक्षेसाठी आपण थॉर्नडाइकची मांजर, पावलॉवचा कुत्रा आणि स्किनरचा उंदीर पाठ करतो. ‘सकारात्मक प्रबलन’ लिहून गुण मिळवतो. तो उंदीर पुस्तकाबाहेर कधी येतच नाही. खरं तर गोष्ट साधी आहे. ज्या कृतीनंतर जनावराला हवंसं काही मिळतं, ती कृती ते पुन्हा करतं. माराने एखादी कृती थांबेलही, पण त्याऐवजी काय करायचं हे त्याला कळत नाही. कळते ती भीती, आणि भ्यालेला घोडा उधळतो.

नाल ठोकताना लाथा झाडणारा घोडा घ्या. नेहमीचा उपाय म्हणजे नाकाला दोरी पिळायची आणि वरून फटके. दुसरा उपाय असा. खांद्यावर हात ठेवा. तो शांत राहिला की पेनचं बटण दाबून ‘खट्’ आवाज करा आणि लगेच चार भिजवलेले हरभरे द्या. जिभेचा आवाज नको, तो ‘चल’ म्हणायला वापरतात. मग हात गुडघ्यापर्यंत, मग खुरापर्यंत न्या. पाय इंचभर उचलला की पुन्हा खट् आणि हरभरे. आवाज त्याच क्षणी व्हायला हवा, नाहीतर बक्षीस भलत्याच कृतीला जाऊन चिकटतं. खिसे हुंगू लागला, तर तोंड बाजूला घेईपर्यंत काही द्यायचं नाही. काही दिवस जातील, पण नालबंदाचे दात शाबूत राहतील.

‘ही तर लाच झाली!’ लाच कामाआधी ठरते, मजुरी काम झाल्यावर मिळते. आपण पगार घेतो त्याला लाच म्हणतो का?

‘मोठं जनावर धाकाशिवाय आवरत नाही.’ मग डॉल्फिन कसे शिकतात? त्यांना लगाम नाही, आणि चाबूक उगारला तर ते पोहून निघून जातील. ते शिट्टी आणि मासळीवर शिकतात. मगावा नावाच्या आफ्रिकन उंदराने केळी-शेंगदाण्यांच्या मोबदल्यात कंबोडियात शंभरावर सुरुंग आणि स्फोटकं हुंगून काढली. २०२० मध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं.

कायद्याचं म्हणाल, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला मारण्याच्या पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५० रुपये दंड लिहिला आहे. काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. वर्गातली छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बेकायदा ठरवली. रस्त्यावरचा चाबूक मात्र ५० रुपयांत सुटतो.

घोडेवाला गरीब आहे, हे खरंच आहे. म्हणूनच त्याने हे आधी ऐकावं. मुंबईच्या व्हिक्टोरियांच्या घोड्यांच्या हालांचा प्रश्न कोर्टात गेला, आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या गाड्याच बेकायदा ठरवल्या. चाबूक आपण स्वतः खाली ठेवला नाही, तर उद्या घोडाही आपल्याकडे राहणार नाही. आणि पर्यटकहो, तुम्ही फक्त ‘पळव’ म्हणणं थांबवा. पैसे तुमच्या खिशातून जातात, फटका त्याच्या पाठीवर पडतो.