क्राकोच्या आधी नगरपरिषद

ऑक्टोबरच्या अंकात आम्ही पोलंडचा सहा रात्रींचा कौटुंबिक आराखडा छापला होता. वॉर्सा दोन, क्राको तीन, व्रोत्सवाफ एक. सोबत पाच ते बारा वयाची मुलं. वाटलं होतं, हॉटेलचे दर, शाकाहारी जेवण, फॅमिली रूममधला तिसरा पलंग यावर पत्रं येतील. पत्रं भरपूर आली, पण पोलंडविषयी त्यांत जवळजवळ काहीच नाही. वसमत, जिंतूर, अर्धापूर, सेलू, सगळीकडून एकच रडगाणं: पोरांचे जन्मदाखले.

वसमतच्या एका टूर ऑपरेटर सभासदाने तर ग्राहकाची पूर्ण फाईलच पाठवली, नावं खोडून. मोंढ्यातले आडते, पत्नी, दोन मुली. पासपोर्ट चौघांचेही तयार. धाकटीचा जन्मदाखला उघडला तर जन्मतारीख बरोबर, आईवडिलांची नावं बरोबर आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. ही एका घराची गफलत नाही, आपल्याकडच्या रीतीतूनच ती येते. पहिलं काय, दुसरं बाळंतपणही माहेरी. दवाखाना नोंदीचा कागद आठवड्याभरात नगरपरिषदेकडे धाडून मोकळा होतो, बारसं बाराव्या दिवशी. तिसऱ्या महिन्यात लेक बाळाला घेऊन सासरी येते आणि नाव चढवायला त्या गावी पुन्हा कोणी फिरकत नाही. जन्म जिथे, नोंद तिथे. वसमतच्या पोरीचं नाव शेजारच्या जिल्ह्यातल्या रजिस्टरात अडकून पडतं आणि बाप आपल्या गावच्या नगरपरिषदेत चकरा मारत बसतो.

मग पासपोर्ट कसा निघाला? निघतो. डिसेंबर 2016 मध्ये नियम सैल झाले आणि जन्मतारखेसाठी आधार, शाळेचा दाखला वगैरे चालू लागलं. 1 ऑक्टोबर 2023 च्या आधी जन्मलेल्यांना ती सवलत अजून आहे. त्यानंतर जन्मलेल्यांना मात्र जन्मदाखलाच लागतो. म्हणजे आज आपल्याकडे येणाऱ्या पाच-दहा वर्षांच्या मुलांची अख्खी पिढी आधारवर पासपोर्ट काढून बसली आहे. व्हिसाच्या फाईलला अल्पवयीनासाठी जन्मदाखला जोडायची वेळ येते तेव्हा कोरा रकाना पहिल्यांदा कोणाच्या तरी नजरेस पडतो. तोवर तिकिटं निघालेली असतात.

आता यातला खरा तमाशा. नोंद झालेली आहे, फक्त नाव भरायचं आहे, हे काम जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 14 चं. पहिल्या वर्षात फुकट, पुढे पंधरा वर्षांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क भरून निबंधकाने ते करायचं. त्याला वरिष्ठाचा आदेश लागत नाही, प्रतिज्ञापत्रांची चळत लागत नाही. पण जानेवारी 2025 मध्ये बोगस दाखल्यांच्या तक्रारींवरून सरकारने विलंबित नोंदींचे दाखले देणं थांबवलं आणि मार्चमध्ये नवी, कडक कार्यपद्धती आणली. तो निर्णय होता कलम 13 पुरता, म्हणजे जन्माची नोंदच वर्षभरात झाली नाही अशा प्रकरणांपुरता. बोगस कागद रोखायलाच हवेत, त्यावर आमचा वाद नाही. पण खिडकीवरच्या बाबूने त्यातून धडा एवढाच घेतला की जन्मदाखला या शब्दाला हात लावायचा नाही. आमच्या सभासदाच्या ग्राहकाला सांगण्यात आलं, ‘तहसीलचा आदेश आणा.’ तहसीलमध्ये सांगितलं, नोंद असताना आदेश कसला देऊ? परत खिडकीवर आल्यावर नवी मागणी, मुलीचं आधार दाखवा. आधारवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. लहानपणी काढलेलं, नंतर कोणी बदललेलं नाही. ते बदलायला आधार केंद्र काय मागतं? मुलीच्या नावाचा जन्मदाखला. शाळेचं बोनाफाइड चालेल का, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, साहेब मीटिंगला गेलेत.

ही साहेबांची मीटिंग दिवाळीपासून चालू आहे.

या मुलीचा पासपोर्ट शाळेच्या कागदांवर, पूर्ण नावाने निघाला होता हे विशेष. केंद्र सरकारने जे नाव मान्य करून पुस्तिकेवर छापलं, ते चार ओळींच्या रजिस्टरात चढवायला नगरपरिषद धजत नाही. त्या कार्यालयाचं नाव आम्ही मुद्दाम घेत नाही, कारण पत्रांवरून दिसतं की खिडकी बदलली तरी उत्तर तेच येतं.

आडनावाच्या आधी बापाचं नाव येतं हा आपला दुसरा खड्डा. पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’मध्ये कोणी मुलाचं एकट्याचं नाव टाकतं, कोणी बापाचंही जोडतं. दाखल्यावर वेगळं, तिकिटावर तिसरंच. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर आईचंही नाव आलं आहे. निर्णय चांगला, पण आपल्या धंद्यात त्याचा अर्थ असा की पुढच्या चार वर्षांत थोरल्याच्या कागदावर तीन नावं आणि धाकट्याच्या कागदावर चार, अशी भावंडं एकाच फाईलमध्ये येणार. कव्हरिंग लेटरमध्ये दोन ओळींत खुलासा द्यायची सवय आत्तापासून लावून घ्या.

ही बारीक तपासणी पोलंडच्या बाबतीत का जाणवते, तेही सांगतो. 2023 मध्ये त्या देशात पैसे घेऊन व्हिसा दिल्याचं प्रकरण गाजलं, परराष्ट्र खात्याच्या उपमंत्र्याला पद गमवावं लागलं. सिनेमाच्या नावाखाली गेलेले भारतीय अर्जदारही त्या बातम्यांत होते. त्यानंतर तिथला अधिकारी कागद दोनदा बघणार, यात नवल नाही. आणि आपल्यातले काही महाभाग अजूनही डमी तिकीट, उद्या रद्द होणारं हॉटेल आणि दुसऱ्याच ग्रुपची इटिनररी जोडून फाईल सोडतात. एका फाईलमध्ये सहा वर्षांच्या पोरासाठी तिसऱ्या दिवशी आउशवित्झ होतं! त्या स्मारकाचं व्यवस्थापनच चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं सांगतं. आपण नकलून चिकटवलेलं समोरच्याला पहिल्या नजरेत कळतं.

वसमतकडच्या शेतकऱ्यांच्या फाईलींमध्ये आणखी एक गोष्ट असते, जी मुंबई-पुण्याच्या एजंटाला सुचणारही नाही. हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, शिजते, वाळते आणि एप्रिल-मेमध्ये मोंढ्यात येते. शेतकऱ्याच्या खात्यावर वर्षभर किरकोळ उलाढाल, मग एकदम मोठी रक्कम. बँक स्टेटमेंट बघणाऱ्याला वाटतं, व्हिसासाठी कोणाकडून तरी आणून भरली. त्यात शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून आयटीआर नाही, किंवा आहे तो नावापुरता. अशा ग्राहकाला ‘आयटीआर नसेल तर जमणार नाही’ म्हणून परत पाठवणारे सभासद आम्हाला माहीत आहेत. त्यांनी जरा कष्ट घ्यावेत. सातबारा, बाजार समितीतल्या विक्रीच्या हिशोबपट्ट्या आणि दोन-तीन वर्षांचं स्टेटमेंट, म्हणजे दरवर्षी त्याच महिन्यांत तशीच रक्कम जमा होते हे दिसेल. सोबत इंग्रजी भाषांतर. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही पत्रात लिहायला हरकत नाही. हळद पिकवणारा माणूस हळद लावायला परत येतो, हे अधिकाऱ्याला सांगायचं काम आपलं आहे.

पुरुष मंडळी हंगामात अडकतात आणि बाई मुलांना घेऊन भावाच्या कुटुंबासोबत निघते, असंही होतं. तेव्हा बापाचं नोटरी केलेलं संमतिपत्र हवं. ते विसरून मुंबई गाठणाऱ्यांची पत्रं आम्ही वाचून बाजूला ठेवली.

आता तारखांचं गणित. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत देता येतो. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस, वाढले तर पंचेचाळीस. शुल्क मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वयाला 45, सहाच्या खाली काही नाही. बाराच्या आतल्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. मराठवाड्यातून अपॉइंटमेंटला जाणारं कुटुंब पहाटेच्या वंदे भारतने नांदेडहून निघालं तर मुंबईत दुपारी उतरतं, तेव्हा सकाळचा स्लॉट घेऊ नका. तो घेतलात तर आदल्या संध्याकाळची देवगिरी पकडा. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर नवी नोंदणी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याचा फोटो तिथेच घेतात, मुलांचाही. फ्रँकफर्टला तासाभराचं कनेक्शन आणि हाताशी दोन पोरं, असलं तिकीट विकू नका.

शाळांना सुट्टी लागते मेच्या सुरुवातीला आणि तीच गाठ अवघड. 1 मे आणि 3 मे या पोलंडच्या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. मधला दिवस जोडून अर्धा देश फिरायला बाहेर पडतो, हॉटेलं भरतात, काही संग्रहालयं बंद राहतात. पहिला आठवडा सोडून निघा. रविवारी मोठी दुकानं बहुतेक बंद असतात. दूध-ब्रेडसाठी बेडकाच्या चिन्हाचं झाब्का उघडं सापडतं. चलन झ्लोटी, युरो नव्हे. हे ग्राहकाला निघायच्या आधी सांगा.

मुलांना काय आवडेल, यावर ऑक्टोबरमध्ये लिहिलंच होतं. व्रोत्सवाफमध्ये गल्लोगल्ली लपलेले ब्राँझचे बुटके शोधायला एक अख्खा दिवस द्या, तिकीट लागत नाही. क्राकोला वावेल टेकडीखालचा ड्रॅगन आग ओकतो, तो आधी; किल्ला नंतर. व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीत सुरुवातीलाच लाकडी जिना उतरायचा, पूर्ण फेरीत आठशेच्या आसपास पायऱ्या, आत सतरा-अठरा अंश. बाबागाडी नको, स्वेटर हवा, गुडघे दुखणारी आजी वर थांबलेली बरी. वॉर्सातलं कोपर्निकस विज्ञान केंद्र सहसा सोमवारी बंद असतं. जेवायला बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण भरलेले पिएरोगी, गोड नालेश्निकी. पण वर तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे टाकतात, तेव्हा मागवतानाच ‘नको’ म्हणायला लावा.

एक ठिकाण मात्र आम्हीही ऑक्टोबरमध्ये अर्ध्या ओळीत उरकलं. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतांश बायका-मुलं. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या या स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं तेव्हा आपल्या कित्येक सभासदांना ते स्मारक आहे हे पहिल्यांदा कळलं. जाण्याआधी कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला स्तंभ दाखवून आणा आणि मग वॉर्सातलं स्मारक. नऊ वर्षांच्या मुलीला युद्ध समजावून सांगायला याहून सोपा रस्ता आम्हाला माहीत नाही, आणि तो फक्त मराठी टूर ऑपरेटरच विकू शकतो. मोठ्या कंपन्यांच्या छापील कार्यक्रमात तो सापडत नाही.

पण हे सगळं त्या कोऱ्या रकान्यापाशी येऊन थांबतं. तेव्हा मंडळी, आता कुरकुर बंद. चौकशीला आलेल्या कुटुंबाला आधी दर सांगू नका, आधी मुलांचे जन्मदाखले मागा. ॲडव्हान्स नंतर घ्या. नाव नसेल तर त्याच दिवशी अर्ज लिहून द्या: कलम 14, नाव समाविष्ट करणे, विलंब शुल्क भरण्यास तयार. अर्ज आवकमध्ये द्या, शिक्का आणि क्रमांक घ्या, तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. नकार असेल तर लेखी मागा. लेखी नकार द्यायला कोणी तयार होत नाही आणि तिथेच निम्मी कामं होतात.

ज्यांचे अर्ज तरीही पडून आहेत, त्यांनी आवक क्रमांकासह छायाप्रती आमच्याकडे पाठवाव्यात. मुलांची आणि पालकांची नावं काळ्या शाईने खोडा, कार्यालयाचं नाव आणि तारीख राहू द्या. हिंगोली, परभणी आणि नांदेड, तिन्ही जिल्ह्यांचे वेगळे गठ्ठे करून ते जानेवारीत त्या त्या जिल्हाधिकाऱ्यांना समक्ष द्यायचे आहेत. सोबत यायला प्रत्येक जिल्ह्यातून चार सभासद हवेत. तीन पत्रं लिहून चौथ्या वेळी ‘कामात आहे’ म्हणणारे नकोत. मेचे अर्ज तोवर सुरू झालेले असतील, म्हणून छायाप्रती 25 डिसेंबरपर्यंत पोचू द्या.